‘फॉलो-अप : गरजेनुसार’ म्हणजे नेमकं कधी?

नमस्कार डॉक्टर,

माझी आई 66 वर्षांची आहे. अडीच महिन्यांपूर्वी घरातच पायपुसण्यावरून तिचा पाय सटकला आणि ती डाव्या हातावर पडली. मनगटाचं हाड मोडलं. त्याच दिवशी भूल देऊन हाड बसवलं, प्लास्टर घातलं आणि सहा आठवड्यांनी काढलं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, ‘छान जुळलंय, आता काळजी नाही.’ कार्डावर शेवटची ओळ आहे, ‘फॉलो-अप : गरजेनुसार’.

माझी एक सहकारी म्हणाली की या वयात हाड मोडलं तर बोन डेन्सिटी, म्हणजे हाडांची घनता, बघायलाच हवी. आईला हे पटत नाही. ‘पडले म्हणून मोडलं, कोणाचंही मोडलं असतं. हाड जुळलं ना, मग आता कशाला दवाखाने?’ असं तिचं म्हणणं. मलाही कळत नाही, ही गरज कोणी ठरवायची? कोणत्या डॉक्टरांकडे जायचं? आधीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यावी लागते का? ती मागितली तर त्यांना आपण त्यांच्या कामात खोट काढतोय असं वाटेल का?

आईला दमा आहे, त्यासाठी मधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या होतात. झोपेची गोळीही अधूनमधून घेते. हाताची बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत.

ता. क. याचा संबंध आहे की नाही माहीत नाही, पण आई हल्ली थोडी बुटकी झाल्यासारखी वाटते. वरच्या फळीवरचा डबा पूर्वी सहज काढायची, आता स्टूल लागतं. माझ्या आजीचा, म्हणजे आईच्या आईचा, खुबा मोडला होता, त्यानंतर ती उठलीच नाही.

– एक मुलगी

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ता. क. पासून सुरुवात केली, कारण या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही तिथे लिहिलंय. त्याकडे येतेच. आधी हात.

प्लास्टर निघून महिना झाला आणि बोटं पूर्ण मिटत नाहीत, म्हणजे ‘गरज’ आत्ताच आहे. हाड जुळणं आणि हात पूर्ववत होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सहा आठवडे बांधलेलं मनगट आखडतं ते ठीक, पण बोटं प्लास्टरच्या बाहेर असतात आणि ती पहिल्या दिवसापासून हलवायची असतात. बऱ्याच जणांना हे कोणी नीट सांगत नाही, किंवा सांगितलेलं दुखण्यापुढे विसरायला होतं. तेव्हा याच आठवड्यात हाड बसवणाऱ्या डॉक्टरांकडे परत जा आणि फिजिओथेरपीसाठी लेखी चिठ्ठी मागा. ‘घरी व्यायाम करा’ एवढ्यावर परत येऊ नका. कोणता व्यायाम, दिवसातून किती वेळा, किती दुखलं तर थांबायचं, हे फिजिओथेरपिस्टने आईचा हात हातात घेऊन दाखवायला हवं.

आज संध्याकाळी आईचे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून बघा. डावा हात सुजलेला, चकचकीत, वेगळ्या रंगाचा दिसतोय का? एकीकडे गरम आणि दुसरीकडे गार लागतो का? नुसतं बोट लावलं तरी आग होते का? तसं असेल तर आठवडाभरही थांबू नका. फ्रॅक्चरनंतर काही जणांच्या नसांचं तंत्र बिघडतं, आणि त्यावर जितक्या लवकर उपचार सुरू होतील तितका हात वाचतो. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येत असतील तर मनगटातली नस दबते आहे का ते तपासायला हवं. आणि अंगठा उचलता येत होता, तो एके दिवशी अचानक उचलता येईनासा झाला, तर अंगठ्याची दोरी तुटलेली असू शकते. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांनी असं क्वचित होतं, आणि ‘आखडलाय, सुटेल’ असं समजून लोक महिने घालवतात.

हे झालं हाताचं. आता आईच्या वाक्याकडे वळते. ‘पडले म्हणून मोडलं, कोणाचंही मोडलं असतं.’

आईंना दोष देत नाही, हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. पण ते खरं नाही. उभ्या उंचीवरून, म्हणजे चालता चालता घसरून किंवा अडखळून पडल्यावर, धडधाकट माणसाचं हाड सहसा मोडत नाही. मुका मार लागतो, फार तर मुरगळतं. पन्नाशीनंतर एवढ्याशा पडण्याने मनगट, खांदा, मणका किंवा खुबा मोडला, तर हाड आतून ठिसूळ झालंय असं धरूनच पुढे जायचं आणि तपासणीने ते खरं की खोटं करायचं. ‘पायपुसणं सरकलं’ हे पडण्याचं कारण झालं. मोडण्याचं कारण वेगळं असू शकतं, आणि ते अजून कोणी शोधलेलं नाही.

पन्नाशीच्या पुढच्या दर 3 बायकांपैकी एकीचं आणि दर 5 पुरुषांपैकी एकाचं उरलेल्या आयुष्यात ठिसूळपणामुळे कधी ना कधी हाड मोडतं. (पुरुषांचा आकडा मुद्दाम दिला. हा बायकांचा आजार मानला गेल्यामुळे पुरुषांना तपासणीला पाठवण्याचं तर कोणाच्या मनातही येत नाही.) एकदा असं हाड मोडलं की पुढचं मोडण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, आणि ती सगळे दिवस सारखी नसते. पहिल्या एकदोन वर्षांत ती सगळ्यात जास्त असते. म्हणजे ज्या काळात घरातले सगळे ‘सुटलो एकदाचे’ म्हणून निवांत होतात, तोच काळ धोक्याचा.

मी हाडांची डॉक्टर आहे आणि हे मला उशिरा कळलं, म्हणून सविस्तर लिहिते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याही ओपीडीत प्लास्टर काढलं की कार्डावर ‘गरजेनुसार’ लिहून पेशंट मोकळा व्हायचा. एकदा खुब्याच्या ऑपरेशनसाठी एक बाई दाखल झाल्या. त्यांच्या मुलाने घरातून जुन्या एक्स-रेंचं खाकी पाकीट आणलं होतं. मी वरची फिल्म उजेडात धरली, ती खुब्याची. तिच्या मागे आणखी एक चिकटलेली होती. सोडवून बघितली तर मनगट, तीन वर्षांपूर्वीचं. कोपऱ्यात तारीख, आणि पाकिटावर माझ्याच अक्षरात ‘हाड जुळले’. ते मनगट मीच बसवलं होतं. बसवलं छान होतं, त्यात काही चूक नव्हती. पण ते का मोडलं, हे मी त्यांना विचारलं नव्हतं आणि दुसऱ्या कोणाला विचारायलाही पाठवलं नव्हतं. त्या बाई नंतर काठी घेऊन चालू लागल्या, पण पूर्वीसारख्या एकट्या कधी बाहेर पडल्या नाहीत. खुबा मोडून येणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचं आधी कुठलं तरी दुसरं हाड मोडलेलं असतं. ते पाकीट हातात घेईपर्यंत हे वाक्य माझ्यासाठी पुस्तकातलं होतं.

असं का होतं? डॉक्टर निष्काळजी असतात म्हणून नव्हे. हाडांचा डॉक्टर समजतो, माझं काम हाड जुळवायचं, ठिसूळपणाचं औषध फिजिशियन देईल. फॅमिली डॉक्टरला वाटतं, फ्रॅक्चर मोठ्या दवाखान्यात दाखवलंय, तिथेच सगळं बघितलं असेल. पुष्कळदा फ्रॅक्चर झाल्याचं त्याच्या कानावरही आलेलं नसतं. आणि पेशंटला वाटतं, काही लागलं असतं तर सांगितलं असतंच की. तिघेही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या जागेत पेशंट. तुम्ही विचारता, गरज कोणी ठरवायची? ठरवायला हवी ती हाड बसवणाऱ्याने, कारण मोडलेलं हाड पहिल्यांदा त्याच्यासमोर येतं. पण त्याने ठरवली नसेल तर तुम्ही ठरवा. तुम्ही ठरवलेलीच आहे, म्हणून तर पत्र लिहिलंत.

यावरचा उपाय नवा नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात काही डॉक्टरांनी एक साधी व्यवस्था उभी केली. फ्रॅक्चर घेऊन येणाऱ्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाचं नाव एका नर्सच्या वहीत जायचं. हाड जुळण्याची वाट न बघता ती त्यांना गाठायची, हाडांची घनता मोजायला बोलवायची आणि निष्कर्ष फॅमिली डॉक्टरपर्यंत पोचवायची. तिला ‘फ्रॅक्चर लिएझन सर्व्हिस’ म्हणतात. पुढे जगभर ती पद्धत पसरली. आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस (म्हणजे हाडांचा ठिसूळपणा) फाउंडेशनने 2012 मध्ये ‘कॅप्चर द फ्रॅक्चर’ ही मोहीमच काढली आणि अशा व्यवस्थांसाठी निकष ठरवून दिले. इतक्या वर्षांच्या अनुभवातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. पेशंटच्या हातात नुसतं माहितीपत्रक दिलं किंवा फॅमिली डॉक्टरला नुसतं पत्र धाडलं, तर फारसा फरक पडत नाही. ज्या ठिकाणी एक माणूस नावानिशी जबाबदार असतो, तपासणी स्वतः ठरवतो आणि औषध सुरू होईपर्यंत पाठ सोडत नाही, तिथेच उपचार खऱ्या अर्थाने सुरू होतात.

तेव्हा पहिलं काम हे, की आईंचं जिथे प्लास्टर झालं तिथे फोन करून विचारा, ‘तुमच्याकडे फ्रॅक्चर लिएझन सर्व्हिस किंवा ऑस्टिओपोरोसिसची ओपीडी आहे का?’ असेल तर अर्धं ओझं उतरलं. पुष्कळ ठिकाणी नसते. मग ती नावानिशी जबाबदार व्यक्ती तुम्हालाच व्हावं लागेल. अवघड नाही, पण एक वही करा आणि तारखा त्यात लिहा.

चिठ्ठीचा प्रश्न. काही ठिकाणी तज्ज्ञ चिठ्ठीशिवाय बघतच नाहीत, काही ठिकाणी थेट जाता येतं. माझं म्हणणं, थेट जाता येत असलं तरी चिठ्ठी घ्याच. ती फक्त आत जायची परवानगी नसते. हाड कसं मोडलं, कुठे मोडलं, काय केलं, हे पुढच्या डॉक्टरला चार ओळींत कळतं. नाहीतर आईंना तिथे विचारतील, ‘काय होतंय?’ आणि आई सांगतील, ‘काही नाही, मुलगी घेऊन आली.’

आणि त्या डॉक्टरांना खोट काढल्यासारखं वाटेल का? विचारण्यावर आहे. ‘तुम्ही बोन डेन्सिटी का नाही केली?’ असं विचारलंत तर कोणीही आवरून घेईल. त्याऐवजी असं म्हणा, ‘डॉक्टर, हाड तुम्ही छान बसवलंत. आता पुन्हा मोडू नये म्हणून ठिसूळपणाची तपासणी करायची आहे. ती तुम्ही बघाल की कोणाकडे पाठवाल?’ या प्रश्नाला ‘गरज नाही’ असं तोडून उत्तर देणं कठीण असतं. तरीही तसं उत्तर आलं तर ‘का’ ते शांतपणे विचारा, आणि मग फॅमिली डॉक्टरकडे जा. तेही चिठ्ठी देऊ शकतात.

मी आज आईंसाठी चिठ्ठी लिहिली असती तर ती साधारण अशी असती:

‘वय 66. चालताना घसरून, उभ्या उंचीवरून पडून डाव्या मनगटाचं फ्रॅक्चर, अमुक तारखेला. बंद पद्धतीने (चीर न देता) बसवलं, सहा आठवडे प्लास्टर, जुळलं आहे. ठिसूळ हाडाचं फ्रॅक्चर असल्याचा संशय. पेशंटच्या आईच्या खुब्याचं फ्रॅक्चर झालं होतं. दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या वारंवार. उंची कमी झाल्याची घरच्यांची तक्रार, मणके दबले आहेत का ते पाहावं. झोपेची गोळी चालू. डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी), रक्ततपासण्या, पडण्याच्या धोक्याची तपासणी आणि उपचारांचा निर्णय यासाठी पाठवत आहे. निर्णय कृपया मला आणि फॅमिली डॉक्टरांना कळवावा.’

यातली शेवटची ओळ बहुतेक चिठ्ठ्यांमध्ये नसते. ती नसली की चिठ्ठी जाते आणि परत काहीच येत नाही. हा मजकूर तसाच्या तसा कागदावर उतरवून सोबत न्या. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरला आठवून लिहायला वेळ नसतो, समोर कागद असला तर तो सही करायला खळखळ करत नाही.

आता ता. क. कडे. वरच्या फळीवरच्या डब्याकडे.

मणक्याचं फ्रॅक्चर हे फार चोरट्या पावलांनी येतं. खाली वाकून काही उचललं, खोकल्याची जोराची उबळ आली, एवढ्यानेही ठिसूळ मणका पुढच्या बाजूने दबतो. दोन-तीन आठवडे पाठ दुखते, घरातले ‘लचक भरली’ म्हणतात, माणूस शेकतो आणि विसरतो. अशा फ्रॅक्चरपैकी साधारण दोन-तृतीयांश कधी डॉक्टरपर्यंत पोचतच नाहीत. मग दोन मणके दबले, तीन दबले की उंची कमी होते, पाठीला बाक येतो, आणि एक दिवस हात फळीपर्यंत पोचत नाही. उंची कमी होण्याला दुसरीही कारणं असतात, मणक्यांमधल्या चकत्या झिजूनही माणूस थोडा आखूड होतो. पण तरुणपणीच्या उंचीपेक्षा 4 सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर मणक्यांचा बाजूने काढलेला एक्स-रे बघायलाच हवा. तसा मणका सापडला तर प्रश्नच बदलतो. मनगटाच्या जोडीला मणका म्हणजे दोन फ्रॅक्चर झाली, आणि तिथे औषध द्यायचं की नाही यावर सहसा फार चर्चा उरत नाही.

आजी, स्टेरॉइड, झोपेची गोळी, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण डॉक्टर नेमकं हेच विचारतात. शेफील्ड विद्यापीठात तयार झालेलं फ्रॅक्स नावाचं एक गणित आहे, 2008 पासून वापरात आहे. वय, वजन, उंची, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, स्टेरॉइड, धूम्रपान, दारू, संधिवात अशी माहिती घातली की पुढच्या 10 वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत मिळते. त्यात तुमच्या आजीच्या खुब्याला स्वतंत्र रकाना आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या आजवर कधी, किती दिवस झाल्या, याची जुन्या कागदांवरून यादी करा. दम्याची नेहमीची औषधं मात्र हे वाचून बंद करू नका. फुप्फुसाच्या डॉक्टरांना एवढंच सांगा की हाड मोडलंय. दमा आटोक्यात ठेवून गोळ्यांचे कोर्स कमी कसे होतील, ते बघतील.

डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी. टेबलावर दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं असतं, सुई नाही, भूल नाही, किरणं छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. कमरेचे मणके आणि खुबा मोजतात. टाचेवर यंत्र लावून पाच मिनिटांत आकडा देणाऱ्या शिबिरातल्या तपासणीवर उपचार ठरवू नका. रिपोर्टमध्ये ‘टी-स्कोअर’ असेल, म्हणजे निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत घनता किती कमी-जास्त आहे, तो आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये ठरवलेल्या व्याख्येनुसार उणे 2.5 किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. इथे पुष्कळ जण फसतात. आकडा उणे 2 आला की ‘अजून झालेला नाही’ म्हणून रिपोर्ट कपाटात जातो. पण ठिसूळपणाने मोडलेल्या हाडांपैकी पुष्कळशी अशाच मधल्या आकड्यांच्या माणसांची असतात. हाड उभ्या उंचीवरून पडून मोडलं, हा पुरावा त्या आकड्याच्या जोडीने वाचायचा असतो. शिवाय मणक्यात झीज असेल किंवा मणका दबलेला असेल तर कमरेचा आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणून रिपोर्ट वाचणाऱ्याला फ्रॅक्चर माहीत असायलाच हवं. चिठ्ठीचा हाही एक उपयोग.

रक्ततपासण्या कशासाठी, तर ठिसूळपणामागे आणखी काही दडलंय का ते बघायला. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, किडनी, यकृत, थायरॉइड, रक्ताची मोजणी, गरज वाटली तर पॅराथायरॉइड आणि रक्तातल्या प्रथिनांची तपासणी. थायरॉइड किंवा पॅराथायरॉइड जास्त काम करत असेल, आतड्यातून अन्न नीट शोषलं जात नसेल, क्वचित अस्थिमज्जेचा कर्करोग असेल, तर नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी काय होणार? ड जीवनसत्त्वाबद्दल एक इशारा. कमी असेल तर डॉक्टर सांगतील त्या डोसने भरून काढा, पण ‘वर्षाचं एकदम घेऊन टाकू’ असं नको. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात वयस्कर बायकांना वर्षातून एकदा 5 लाख युनिट दिली, तर त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली.

कोणत्या डॉक्टरांकडे? पाटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा ते ठिसूळपणाचे उपचार नेहमी करतात का, हे बघा. अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ, संधिवाताचे तज्ज्ञ, वृद्धांचे डॉक्टर, अनुभवी फिजिशियन, कोणीही चालतील. काही हाडांचे डॉक्टर स्वतःच करतात. किडनीचा त्रास, वारंवार स्टेरॉइड किंवा औषध चालू असताना मोडलेलं हाड, अशी गुंतागुंत असेल तर तज्ज्ञ हवेतच. आईंच्या स्टेरॉइडचा इतिहास बघता मी तज्ज्ञांकडेच पाठवलं असतं. चांगल्या व्यवस्थेत ही तपासणी हाड मोडल्यापासून साधारण तीन महिन्यांत पुरी करतात. तुमच्या हातात अजून दोन आठवडे आहेत. उशीर झालाच तरी जायचं सोडू नका.

औषधांची निवड ते करतील, पण दोन-तीन गोष्टी आधीच कानावर असू द्या. आठवड्यातून एकदा घ्यायची अलेन्ड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं नाही. हे पाळलं नाही तर अन्ननलिका जळते, पेशंट गोळी सोडतो आणि डॉक्टरांना सांगतही नाही. गोळी सोसत नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रॉनिक आम्ल आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर 90 दिवसांच्या आत ते दिलेल्या पेशंटांवरचा मोठा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. नवी फ्रॅक्चर 13.9 टक्क्यांवरून 8.6 टक्क्यांवर आली आणि मृत्यूही कमी झाले. डेनोसुमॅब हे दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. ते सुरू केलं तर तारीख चुकवायची नाही आणि मनानेच बंद तर कधीच करायचं नाही. ते थांबलं की हाडांची झीज उसळी मारते आणि एकापाठोपाठ एक मणके दबू शकतात. यातलं कुठलंही सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या. जबड्याचं हाड बरं न होणं आणि फार वर्षांच्या औषधानंतर मांडीचं हाड वेगळ्याच पद्धतीने मोडणं, हे दुष्परिणाम खरे आहेत, पण दुर्मीळ आहेत. ज्याचं हाड एकदा मोडलंय त्याला औषध न घेण्याचा धोका त्याहून बराच मोठा असतो. आणि ‘औषधाने जुळलेलं हाड बिघडेल’ ही भीती मनातून काढा, तसं होत नाही.

साखळी आणखी एका ठिकाणी तुटते, आणि तिथे कोणाचंच लक्ष नसतं. औषध सुरू होतं, पेशंटला काहीच फरक जाणवत नाही, कारण ठिसूळपणा दुखत नाही. मग वर्षाच्या आत गोळ्या सुटतात. म्हणून चांगल्या ठिकाणी फ्रॅक्चरनंतर सोळाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा आणि वर्षाने एकदा फोन करून विचारतात, औषध चालू आहे का, सोसतंय का. तुमच्या वहीत या दोन तारखा आत्ताच लिहून ठेवा. गोळ्या पाच वर्षं किंवा शिरेतलं औषध तीन वर्षं झालं की पुढे चालू ठेवायचं का, याचा फेरविचार असतो. तीही तारीख.

आणि झोपेची गोळी. रात्री उठताना तोल जाण्याचं ते मोठं कारण आहे. मात्र रोज घेत असतील तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असा दोन्ही वेळा मोजून घ्या. चष्म्याचा नंबर तपासा. तोल सावरायचे आणि पायात ताकद आणणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडूनच शिकून घ्या, हाताच्या चिठ्ठीत तेवढी एक ओळ वाढवून मिळते. पायपुसणं एव्हाना गेलं असेलच. स्टूल मात्र आजच काढून टाका आणि डबा खालच्या फळीवर आणा.

आईंना कसं समजवायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रभर तोच प्रश्न आहे. त्यांना आजीची भीती घालू नका. त्यांनी ते स्वतः पाहिलंय, कदाचित म्हणूनच त्या विषय टाळत असतील. तपासणीला ‘आजार शोधायला’ नेऊ नका. त्यांना एवढंच म्हणा, ‘आई, मनगट का मोडलं ते मला एकदा विचारायचंय, तू बरोबर चल.’

उद्या सकाळी उठल्या उठल्या, अनवाणी, टाचा भिंतीला लावून आईंची उंची मोजा. डोक्यावर सपाट पुस्तक धरा, भिंतीवर पेन्सिलने खूण करा, तारीख घाला. कुठल्या तरी जुन्या कागदावर, ओळखपत्रावर किंवा नोकरीच्या वैद्यकीय तपासणीच्या दाखल्यावर, तरुणपणची उंची सापडते का बघा. दोन्ही आकडे चिठ्ठीच्या मजकुरात ‘उंची कमी झाल्याची तक्रार’ लिहिलंय, तिथे घाला. आणि डॉक्टरांकडे जाऊन आलात की मलाही कळवा.